मुख क्रमांक सात

श्रावणातला तिसरा सोमवार, दुपारचा दीड, आणि इचलकरंजीतल्या ‘रसमाया’च्या शेडमध्ये बारा माणसं मटण खात बसली होती. भूक कुणालाच नव्हती. बारांतल्या चौघांनी सकाळी महादेवाला बेल वाहिला होता, दोघींचा तर एरवी कडक सोमवार असायचा, पण ड्यूटी ती ड्यूटी. ज्यांच्यासाठी ते खात होते ती मंडळी आपापल्या घरी सोवळ्यात डोळे मिटून बसली होती आणि जिभेवर तांबडा रस्सा घोळवत होती. पोटात कणभरही जात नव्हतं, म्हणजे उपास मोडत नव्हता. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथं मांजरानं दूध प्यायला दुसरं मांजर नोकरीला ठेवलं होतं.

शेडच्या कोपऱ्यात काचेची एक खोली होती आणि त्या खोलीत गौतमी तेरदाळे बसायची. तिचं काम एका वाक्यात सांगायचं तर दरवानाचं. कोण कुणाच्या जिभेवर लॉगिन झालंय, कधीपासून बसलंय, कधी उठलं, हे बघायचं आणि एखादा अडकून बसला तर त्याला बाहेर काढायचं. मालक अवधूत सर यांच्या केबिनमध्ये भिंतभर रंगीत पडदा होता, त्यावर हिरवे दिवे आणि हसरे चेहरे. गौतमीपुढं मात्र नुसता काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि लुकलुकणारी एक रेघ. माउस नाही, चित्र नाही. हुकूम टाइप करायचा आणि एंटर दाबायचं. ‘लिस्ट-सेशन्स’ लिहिलं की आत असलेल्या सगळ्यांची यादी भराभर उतरायची, प्रत्येक सेशनला एक आकडा. तिचं काम त्या आकड्यांशी, नावं ती वाचत नसे. ‘टर्मिनेट-सेशन’ लिहून तो आकडा टाकला की तो माणूस बाहेर. रंगीत पडदा गिऱ्हाइकांना दाखवायला होता. खरं काय चाललंय ते काळ्या पडद्यालाच ठाऊक असायचं.

ही जीभजोडणी कशी चालते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं भुताटकी वाटेल. जेवणाऱ्याच्या टाळूला एक पातळ पापुद्रा चिकटवतात, कांद्याच्या आतल्या सालीएवढा. जीभ आणि नाकाकडून मेंदूकडे जाणारे इशारे तो वाटेतच ऐकतो आणि जसेच्या तसे पुढं पाठवतो. गिऱ्हाइकाच्या टाळूलाही तसाच पापुद्रा. तो त्याच्या नसांना तेच इशारे देतो. झालं, इकडं नंदाताईनं घास चावला की तिकडं पुण्यातल्या कुणाच्या तरी तोंडाला पाणी सुटतं.

मग माणसं कशाला हवीत, चव एकदा टिपून ठेवावी आणि विकावी, असं कुणालाही वाटेल. तसं करून बघितलं होतं कंपनीनं. टिपलेली चव पुठ्ठ्यासारखी लागायची. कारण चव म्हणजे नुसता रस नव्हे. आपल्याला हवंसं वाटतं, जीभ तिकडं वळते, थोडं चाटते, थांबते, पुन्हा मागते. या मागण्याशिवाय चव जिवंतच होत नाही. म्हणून जोडणी दुहेरी करावी लागली. चव इकडून तिकडं आणि गिऱ्हाइकाची इच्छा तिकडून इकडं. जेवणाऱ्याला दुसऱ्याची भूक लागते ती अशी. चार गिऱ्हाइकांची भूक एक माणूस सोसू शकतो असं तपासणीत ठरलं होतं, आणि तसा नियमही होता.

एक गोष्ट मात्र माहितीपत्रकात छापली नव्हती. चव आणि किळस मेंदूच्या एकाच कोपऱ्यात नांदतात. ज्या वाटेनं इच्छा येते त्याच वाटेनं किळसही येते आणि दोन्ही वेगळ्या काढायची चाळणी अजून कुणाला बनवता आलेली नाही.

शेडमध्ये या जेवणाऱ्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. कागदावर ‘मुख’ आणि एरवी ‘तोंड’. आज बारा तोंडं आलीत, तीन नंबरच्या तोंडाला ताप आहे, असं बोलायचे. गौतमीला पहिल्या आठवड्यात ते ऐकून मळमळलं होतं. दीड वर्षात कान मेले.

घरी वेगळीच तऱ्हा. तिचे सासरे, अण्णा, हायस्कूलचे गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले. नाकानं कांदे सोलणारा माणूस. घरात अंडं तर सोडाच, अंड्याचं चित्र असलेली केकची खोकीसुद्धा उंबऱ्याबाहेर. सून असल्या ठिकाणी कामाला जाते म्हणून त्यांनी दोन महिने अबोला धरला होता. अखेर तडजोड झाली ती अशी की, गौतमीनं कामावरून आल्यावर मागच्या दारानं शिरायचं, डोक्यावरून अंघोळ करायची आणि मगच स्वैपाकघरात पाय टाकायचा. तिथली हवा अंगाला लागते म्हणे. नवरा प्रसन्न, त्याचं हार्डवेअरचं दुकान. तो म्हणायचा, जाऊ दे गं, म्हाताऱ्याचं काय मनावर घेतेस. दुपारी दीड ते अडीच अण्णांचा जप असायचा, खोलीचं दार लावून. त्या वेळात घरात भांडंसुद्धा वाजलेलं त्यांना चालत नसे. गौतमीनं मान खाली घालून हे सगळं केलं होतं, थंडीतसुद्धा ओले केस घेऊन भाकऱ्या थापल्या होत्या.

तर त्या सोमवारी अडीचला पहिल्या पाळीच्या जेवणाऱ्यांची सुट्टी झाली आणि नंदाताई घोरपडे काचेच्या दाराशी येऊन उभी राहिली. मुख क्रमांक सात. पन्नाशीची बाई. याच शेडमध्ये माग होते तेव्हा ती आणि गौतमीची आई शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायच्या. माग भंगारात गेले, गौतमीची आई गेली, नंदाताई तेवढी शेडला चिकटून राहिली. तिनं आत येऊन दार लावलं आणि जीभ बाहेर काढली.

शी. गौतमीनं क्षणभर तोंडच फिरवलं. जिभेच्या कडा सोललेल्या, मध्ये पांढऱ्या रेघा, दोन ठिकाणी रक्त साकळलेलं. ती भांड्याच्या तारेच्या घासणीनं जीभ घासत होती, दिवसातून पाच-सहा वेळा.

मग नंदाताईनं सगळं सांगितलं. भूक तर सुटतच नाही. घरी गेल्यावरही लागते, झोपेतही लागते, परवा उठून कच्चं पीठ बकाबका खाल्लं. पण ते एक वेळ सोसेल. सोसत नाही ते वेगळंच. गिऱ्हाइकांत एक म्हातारा आहे. म्हाताराच असणार, कारण त्याला चावायला जमत नाही, नळीच चोखायची असते. रोज दुपारी दीडला येतो. नळी चोखून घेतो, अगदी मुळापर्यंत, अधाशासारखी. आणि पोट भरलं की त्याला किळस येते. मटणाची नव्हे, तिची. तिच्या तोंडाची, तिच्या थुंकीची, तिच्या हाताची. ती किळस तिच्या अंगभर पसरते आणि जात नाही. तिला स्वतःच्या हातचं पाणी पिववत नाही. नातीला घास भरवायला गेली तर आपलाच हात तिला मेलेल्या उंदरासारखा वाटतो, म्हणून तिनं भरवणं सोडलं. कंपनीच्या डॉक्टरला सांगितलं तर त्यानं मनाचे खेळ म्हणून जिभेला लावायचं मलम दिलं.

“काल उलथनं तापवलं होतं गॅसवर,” नंदाताई म्हणाली. “म्हटलं, जीभच डागून टाकावी, म्हंजे चव बी न्हाई आन किळस बी न्हाई. लेकीनं हिसकून घेतलं. आज लेक गावाला गेलीय.”

ती हे रडत सांगत नव्हती, बाजारात भाव सांगावा तसं सांगत होती. पापुद्रा उपटून काढायची सोय नव्हती. सहा महिन्यांनी तो आपोआप विरतो, मग नवा चिकटवतात, आणि मध्येच ओढला तर टाळूचं मांस घेऊन निघतो. त्यावरच्या जोडण्या तोडणं एवढाच उपाय होता, आणि तो संध्याकाळच्या आत करायला हवा होता. तिनं नंदाताईला तिथंच खुर्चीवर बसवलं आणि टाइप केलं: लिस्ट-सेशन्स, मुख सात.

चार ओळी यायला हव्या होत्या. ओळी येतच राहिल्या. पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. एकतीस.

एकतीस माणसं एका बाईच्या तोंडात बसली होती, आणि तीही सुट्टीत. कारण बहुतेकांच्या नावापुढं ‘मुक्काम’ लिहिलेलं होतं. मुक्काम म्हणजे गिऱ्हाईक उठून गेलं तरी जिभेवरची त्याची जागा राखून ठेवायची, त्याचा धागा तसाच जोडलेला ठेवायचा. गिऱ्हाईक झोपलेलं असो की देवळात असो, त्याची भूक आणि त्याची किळस उलट वाटेनं झिरपतच राहते.

गौतमी थेट केबिनमध्ये गेली. अवधूत सर गोड बोलणारा माणूस, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि समजावलं की श्रावण म्हणजे आपला सीझन, महिनाभर मर्यादा थोडी वाढवली आहे, सात नंबरच्या जिभेला मागणी फार, नळी तिच्यासारखी कुणी चोखत नाही असे अभिप्राय येतात. गौतमीनं जिभेचं सांगितलं. त्यांनी चेहरा कसनुसा केला आणि हात वर केला, म्हणजे वर्णन नको. मग म्हणाले, फारच असेल तर रिकामी पडलेली चार-दोन सेशन बंद कर, बाकीच्यांना हात लावू नकोस, मोठमोठी माणसं आहेत. भिंतीवरच्या रंगीत पडद्यावर मुख सातच्या खाली चारच हसरे चेहरे होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

ती परत आली. आधी तिनं एका हुकमात मुख सातवरची सगळी सेशन्स बंद केली. यादी कोरी झाली. दोन मिनिटांनी पुन्हा बघितलं तर एकोणतीस जण परत आत. मुक्कामवाले होते ना, त्यांचे धागे आपोआप जुळत होते. सेशनच्या आकड्यावर घाव घालून उपयोग नव्हता, माणसाच्या नावावर घालायला हवा होता. ‘टर्मिनेट-युजर’ आणि पुढं नाव. त्यानं माणूस मुक्कामासकट जातो, सगळीकडून. तिनं एकेक नाव टाइप करायला घेतलं.

आणि नावं वाचावी लागली, तिथंच खरी ओकारी आली. हे कुठले कोण परके नव्हते. रविवारी रेडिओवर सात्त्विक आहाराचं व्याख्यान देणारे वैद्य. पलीकडच्या गल्लीतल्या मठाचे विश्वस्त. जीवदया मंडळाच्या अध्यक्षबाई, त्यांचा तर चौदा महिन्यांचा मुक्काम. वरून कीर्तन आतून तमाशा. एकेकाचं नाव लिहिताना गौतमीला वाटत होतं की, आपण चिमट्यानं गोचीड काढतोय. एंटर. एंटर. शेजारी नंदाताई डोळे मिटून बसली होती आणि मध्येच हलक्या आवाजात म्हणत होती, “कमी झालं. आणखी थोडं कमी झालं.”

शेवटून दुसरी ओळ होती. युजर: तेरदाळे-परिवार. उपकरण: अण्णा. सुरू: दुपारी एक एकतीस. मुक्काम: अकरा महिने.

गौतमीनं ती ओळ तीनदा वाचली. मग तिला आपले ओले केस आठवले, दीड वर्षाचे. मागचं दार आठवलं. तिनं नंदाताईकडं बघितलं नाही. या बाईच्या तोंडात अकरा महिने कोण बसलं होतं ते तिला सांगायचं कसं, हा विचार मनात आला आणि त्याहून वाईट विचार त्याच्या मागून आला, की हे नाव सोडून बाकीची उडवावीत, घरात तरी शांतता राहील. लाज वाटली तिला. तिनं नाव टाइप केलं. पडद्यानं विचारलं, खात्री आहे का. तिनं हो लिहिलं.

पडद्यावर उत्तर आलं: तेरदाळे-परिवार, दोन सेशन बंद. मुख सात, उपकरण अण्णा. मुख दोन, उपकरण प्रसन्न.

आमच्याकडं घरटी एकच लॉगिन असतं, तुम्हाला ठाऊक आहेच. बापाचं खातं मुलगा उघडतो, पासवर्ड मुलाचा, मोबाइल मुलाचा, आणि मग तेच खातं सगळं घर वापरतं. कुणाच्या डोक्यात येत नाही की, घाव नावावर पडला की सगळे एकदम पडतात. मुख दोन दुसऱ्या पाळीचं, त्यावर त्या वेळी तळलेली सुरमई चालू होती.

मिनिटभरात फोन वाजला. प्रसन्न होता. त्यानं अगदी सहज विचारलं, तुमच्याकडं काही बिघाड झालाय का, दुकानात एक गिऱ्हाईक आलंय, त्याचं मध्येच बंद पडलं म्हणतंय.

“सुरमई होती ना?” गौतमीनं विचारलं.

पलीकडं शटर अर्धं ओढल्याचा आवाज आला. दुकानातला पंखा तेवढा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, “अण्णांना सांगू नकोस. माझं त्यांना माहीत नाही.”

“आणि त्यांचं तुला?”

उत्तराची वाट न बघता तिनं फोन ठेवला आणि शेवटचं नाव टाइप केलं. मुख सातपुढं यादी कोरी झाली आणि या वेळी कोरीच राहिली. पाचेक मिनिटांत अवधूत सर आले. त्यांच्याकडं फोनांवर फोन येत होते. आवाज त्यांनी तेव्हाही चढवला नाही, फक्त तिचं ओळखपत्र मागून घेतलं. तिनं दिलं. पर्स उचलली आणि नंदाताईला शोधायला गेली, कारण खुर्ची रिकामी होती.

नंदाताई शेडमागच्या नळाशी होती. हातात घासणी.

भूक गेली होती, ते तिनंच सांगितलं. एवढं हलकं वर्षभरात वाटलं नव्हतं. पण ते दुसरं गेलं नव्हतं. अकरा महिने रोज येऊन किळसेनं आपली जागा करून घेतली होती, आता तिला धाग्याची गरज उरली नव्हती. गौतमीनं समजावलं की, हे तुमचं नाही, दुसऱ्याचं आहे, तारेवरून आलेलं आहे. नंदाताईनं समजूतदारपणे मान हलवली आणि घासणी ओली केली.

“तार तोडलीस न्हवं तू?” ती म्हणाली. “मग आता येतंय ते कुणाचं? माझंच असंल.”

गौतमीनं नळ बंद केला. आणि समोर संध्याकाळ होती, नंदाताईचं रिकामं घर होतं, गॅस होता. तिनं घासणी काढून घेतली, नंदाताईला स्कूटरवर मागं बसवलं आणि गाडी आपल्या घराकडं घेतली. जेवायला चला एवढंच म्हणाली. पुढं काय करायचं ते तिनं वाटेतसुद्धा ठरवलेलं नव्हतं.

ती पुढच्या दारानं शिरली. अंघोळ केली नाही. अण्णा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, चेहरा उतरलेला, उगीचच पेपर उलटसुलट करत. सोमवार सोडायची वेळ झाली होती. ते काही बोलायच्या आत तिनं पानं घेतली. मुगाची उसळ, भाकरी, वरणभात. प्रसन्न दुकान लवकर बंद करून आला होता आणि आतल्या दारात उभा राहून तिच्याकडं बघत होता. तिनं जमिनीवर अण्णांचं पान मांडलं आणि त्यांच्यासमोर नंदाताईचं, आणि दोघं येऊन बसले.

“या कोण?” अण्णांनी विचारलं.

“माझ्याबरोबर असतात. मुख क्रमांक सात.”

अण्णांनी मान वर केली. त्यांनी नंदाताईच्या तोंडाकडं बघितलं, सुरकुतलेल्या ओठांकडं, मिश्री लावून काळ्या पडलेल्या दातांकडं. मग तिच्या हाताकडं. त्यांचा चेहरा हळूहळू आक्रसला, नाकपुड्या वर गेल्या, ओठ खाली ओढले गेले. त्यांनी आपलं ताट दोन बोटांनी मागं सारलं आणि गौतमीला म्हणाले, “यांचं पान मागच्या पडवीत मांड. आणि पेला वेगळा दे.”

गौतमी बोलणार, त्याआधी नंदाताईनं तिचा हात धरला. ती अण्णांच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत होती. हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या फळीवर दिसावी तसं.

“हेच,” ती म्हणाली.

“काय, नंदाताई?”

“हेच यायचं रोज. असंच, नाकापासनं सुरू व्हायचं.” तिनं स्वतःच्या नाकाला बोट लावून दाखवलं. “ह्यांचं हाय गं हे. माझं न्हवंच.”

अण्णा पांढरे पडले. प्रसन्ननं भिंतीकडं तोंड फिरवलं. नंदाताईला त्याचं काही पडलेलं दिसत नव्हतं. तिनं स्वतःचा उजवा हात डोळ्यांपुढं धरला, उलटा केला, सुलटा केला. मांडी नीट घातली. भाकरीचा तुकडा मोडला, उसळीत बुडवला आणि तोंडात घातला. सोललेली जीभ झोंबली तशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं घास सावकाश चावला, सगळा, आणि गिळला. मग दुसरा.

अण्णांना उठता आलं नाही. ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले आणि अकरा महिन्यांच्या सवयीनं त्यांचा जबडा तिच्याबरोबर हलायला लागला. ती चावायची तसे ते चावायचे, ती गिळायची तसे आवंढा गिळायचे. तोंडात त्यांच्या काहीच नव्हतं. गौतमीला ते बघवेना आणि नजरही काढवेना.

तिसऱ्या घासाला नंदाताईनं मान वर करून हे बघितलं. थोडा वेळ बघितलं. मग आपल्या ताटातली भाकरी अर्धी करून समोरच्या ताटात ठेवली.

“खावा,” ती म्हणाली. मग गौतमीकडं वळली. “त्यांस्नी उसळ वाढ गं. भूक लई हाय ह्यांना. मला ठावं हाय.”